खाटेजवळच्या ज्ञानाला अधिकार हवा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,



अकोल्याहून वाशिममार्गे हिंगोली-नांदेडकडे जाणारा महामार्ग विदर्भाची हद्द सोडून मराठवाड्यात उतरतो त्या भागात आमचे कनेरगाव नाका हे गाव आहे. निजामाच्या अमदानीत मोगलाई आणि वऱ्हाड यांची सरहद्द याच मुलखातून जात असे. आज तेथे दोन जिल्ह्यांची शीव आहे, आणि हे दोन्ही जिल्हे वयाने लहान आहेत, वाशिम १९९८ सालचा आणि हिंगोली १९९९ सालचा. रात्री-अपरात्री घरात कोणी अत्यवस्थ झाले, की गाडी हिंगोलीकडे न्यावी की वाशिमकडे, हा विचार आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या अंगणातच केला जातो, आणि तो करताना रुग्णाच्या प्रकृतीपेक्षा नातेवाईक कोठे आहेत, पैसे कोण देईल आणि नदीला पाणी किती आहे याचाच हिशेब बहुधा मांडला जातो. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात जी दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालये एकाच वेळी सुरू झाली, त्यांत हिंगोली आणि वाशिम ही दोन्ही गावे होती, म्हणजे आमच्या नाक्याच्या दोन्ही दिशांना आता एकेक महाविद्यालय उभे राहत आहे. याबद्दल या भागातील प्रत्येक माणूस सरकारचा ऋणी आहे, आणि मीही आहे. हे पत्र तक्रारीसाठी लिहिलेले नाही. सरकारी रुग्णालयांतून परिचारिका म्हणून नोकरी करून मी निवृत्त झाले, आणि त्या नोकरीत जे उघड्या डोळ्यांनी पाहिले त्यातून एक मागणी माझ्या मनात पक्की झाली आहे. ती या दोन नव्या संस्थांची घडी बसण्यापूर्वीच आपल्या कानी घालावी, एवढाच हेतू आहे.

परिचर्येचे मूलभूत ज्ञान म्हणजे काय, असे कोणी विचारले तर लोक बहुधा इंजेक्शन, सलाईन आणि मलमपट्टी यांची नावे घेतील. ही हाताची कामे आहेत, महत्त्वाची आहेत, आणि सरावाने ती साधतात. सरावानेही सहज न साधणारी गोष्ट निराळी आहे: रुग्णाकडे पाहताना काय पाहावे, कितीदा पाहावे, पाहिलेल्यातले काय दखलपात्र मानावे आणि त्यावरून कोणाला, केव्हा व किती निकडीने हाक मारावी, याचा निवाडा करण्याची शक्ती. डॉक्टर दिवसातून एकदा किंवा दोनदा फेरी घेतात; उरलेले सर्व तास रुग्ण ज्या नजरेच्या ताब्यात असतो ती नजर परिचारिकेची असते, आणि प्रकृती ढासळू लागते ती बहुधा याच उरलेल्या तासांत.

श्वास मोजणे हीच साधी गोष्ट घ्या. रुग्णाला ‘तुमचा श्वास मोजते’ असे सांगितले की त्याचा श्वास तत्काळ बदलतो. म्हणून जुन्या सिस्टर आम्हांला शिकवीत, की नाडी मोजून झाली तरी मनगटावरची बोटे उचलू नयेत, नजर तेवढी छातीकडे न्यावी, आणि घड्याळाचा काटा पुरा फिरेपर्यंत श्वास मोजावा. प्रौढ माणसाचा श्वास विश्रांतीच्या अवस्थेत मिनिटाला १२ ते २० असतो. तो २४-२५ वर गेला, त्या वेळी रक्तदाब अजून ठीक असू शकतो, ताप असेलच असे नाही, आणि रुग्ण स्वतः ‘बरं आहे’ असेही म्हणतो. परंतु शरीराने कोठेतरी झगडा आरंभिलेला असतो, मग तो फुप्फुसातल्या संसर्गाशी असो, आतल्या आत वाहणाऱ्या रक्ताशी असो, की रक्तात साठत चाललेल्या आम्लाशी असो. वैद्यकाच्या साऱ्या यंत्रसामग्रीपूर्वी मिळणारी ही सूचना आहे, आणि तिला एक घड्याळ व एक मिनिट यांखेरीज काहीही लागत नाही.

आता अनेक रुग्णालयांतील टीपीआरचे, म्हणजे ताप, नाडी व श्वास यांच्या नोंदींचे, तक्ते काढून पाहावेत. नाडीचे आकडे खाटेगणिक वेगळे असतात, तापाचे वेगळे असतात, आणि श्वासाच्या रकान्यात मात्र एका खाटेमागून दुसऱ्या खाटेला २०, २०, २० असा एकच आकडा उतरलेला असतो. हा आळसाचा पुरावा आहे असे कोणी म्हणेल तर तो फार मोठा अन्याय होईल. तीस-पस्तीस रुग्णांच्या कक्षात रात्रपाळीला एकच परिचारिका असते; प्रत्येकाचा श्वास नियमाप्रमाणे मिनिटभर मोजायचा तर त्या एकाच कामाला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागेल, आणि त्या अर्ध्या तासात दोन सलाईन संपतील, एक नवा रुग्ण दाखल होईल, औषधांचा साठा नोंदवायचा राहील आणि सकाळी वरिष्ठ येऊन जी गोष्ट प्रथम मागतील ती नोंदवही कोरी दिसेल. श्वास मोजला नाही म्हणून आजवर कोणाला जाब विचारल्याचे मी पाहिले नाही. नोंदवही अपुरी राहिली म्हणून मेमो मिळालेल्या परिचारिका मात्र मी पाहिल्या आहेत. ज्या कामाची विचारपूस होते तेच काम होते, हा सरकारी दप्तराचा जुना शिरस्ता आहे, आणि तो परिचारिकांनी निर्माण केलेला नाही.

बाळंतिणीच्या बाबतीतही हेच आहे. प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोन तासांत दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात ठेवून गर्भाशय आकसून घट्ट झाले आहे की सैल पडत आहे हे चाचपावे लागते. नाडी आधी वाढते आणि रक्तदाब मागाहून पडतो, म्हणून ‘बीपी ठीक आहे’ एवढ्यावर विसंबणे धोक्याचे असते. आणि किती रक्त गेले याचा डोळ्यांनी केलेला अंदाज प्रायः कमीच भरतो. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांत झालेला एक मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतिणीच्या अंगाखाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी ठेवून रक्त प्रत्यक्ष मोजण्यात आले, ठराविक खुणेशी पोचताच उपचारांचा पूर्ण संच एकदम सुरू करण्यात आला, आणि तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडण्याची शस्त्रक्रिया वा मातेचा मृत्यू या आपत्तींचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी उतरले. औषधे नवी नव्हती. मोजणे नवे होते, आणि मोजल्याबरोबर थांबून न राहता कृती करण्याची मुभा नवी होती.

या मुभेविषयीच मला आपल्याशी बोलायचे आहे, आणि त्यासाठी एक रात्र थोडी सविस्तर सांगते.

श्रावणातली गोष्ट आहे. मराठवाड्यातील एका ग्रामीण रुग्णालयात मी रात्रपाळीस होते. पहाटे चारच्या सुमारास दहा-अकरा वर्षांच्या एका मुलाला घेऊन त्याची आजी व चुलता आले. पोटात कळा येतात, दोनदा उलटी झाली, एवढेच त्यांचे सांगणे होते. डॉक्टरांनी तपासले, केसपेपरवर पोटदुखी अशी नोंद झाली, इंजेक्शन देऊन सकाळपर्यंत ठेवून घ्यावे असे ठरले, आणि उपलब्ध माहितीवरून तो निर्णय गैर नव्हता. सुई देताना माझे लक्ष मुलाच्या चेहऱ्याकडे गेले. तो माझ्याकडे पाहत होता, परंतु पाहण्यासाठी कपाळाला आठ्या घालून भुवया वर ओढीत होता. पापण्या आपल्या बळाने उघड्या राहत नव्हत्या म्हणून कपाळाच्या बळाने तो त्या उचलून धरीत होता. मी आजीला विचारले, “माय, पोरगं निजलं कुठं होतं?” ती म्हणाली, “खालीच की व बाई, वाकळ टाकून. उकडायलंय म्हणून.”

मण्यारीचे दात इतके बारीक असतात की दंशाची खूण बहुधा सापडत नाही. सूज येत नाही, आग होत नाही, आणि भुईवर निजलेल्या माणसाला ती रात्री केव्हा चावून गेली हे त्याला कळतही नाही. पहाटे पोट दुखू लागते, नंतर पापण्या जड होतात, गिळणे अवघड होते, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. मी मुलाला वर आढ्याकडे एकटक पाहावयास सांगितले. अर्ध्या मिनिटाच्या आत पापण्या उतरल्या. मग त्याला एका दमात आकडे म्हणावयास सांगितले, तेव्हा तो बाविसापर्यंत गेला. दहा मिनिटांनी पुन्हा म्हणवले, तेव्हा चौदावरच दम संपला, आणि आवाज नाकात येऊ लागला होता. डॉक्टरांना मी पुन्हा उठविले. दंशाची खूण कोठे आहे, असे त्यांनी विचारले, आणि ती विचारणा योग्यच होती. खूण नाही, पण बाविसाचे चौदा झाले आहेत, एवढेच मी सांगितले. ते आले, त्यांनी मुलाला स्वतः आकडे म्हणावयास लावले, सर्पविषाची लस सुरू केली, आणि मोठ्या रुग्णालयापर्यंतच्या सबंध रस्त्यात, श्वास मंदावल्यावर, आम्ही दोघांनी आळीपाळीने अँब्यु बॅग दाबून तो चालू ठेवला. मुलगा वाचला.

डॉक्टरांनी माझे ऐकले हे श्रेय सर्वस्वी त्यांचे आहे. महोदय, माझे म्हणणे एवढेच आहे, की त्यांनी ते ऐकले नसते, तर ऐकण्यास बांधील ठरवील असा एकही नियम, एकही परिपत्रक, कागदाचा एकही चिटोरा त्या रात्री माझ्या हाताशी नव्हता. मुलाचा जीव एका सज्जन माणसाच्या स्वभावावर अवलंबून राहिला. सज्जन माणसे आपल्या खात्यात पुष्कळ आहेत. तरीही राज्याच्या आरोग्यव्यवस्थेचा पाया कोणाच्या स्वभावावर नसावा.

पाहण्याला अधिकाराची जोड मिळाली म्हणजे काय होते, याचा दाखला याच महाराष्ट्रात आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांतून, अल्पशिक्षित अशा गावच्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेण्याचे शिक्षण दिले. बालकाचे वजन करणे, अंगाची ऊब पाहणे, दूध ओढण्याची ताकद जोखणे आणि श्वास मोजणे ही कामे त्या शिकल्या. दोन महिन्यांच्या आतील बालकाचा श्वास मिनिटाला साठ वा त्याहून अधिक, वर्षाच्या आतील बालकाचा पन्नास, आणि पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा चाळीस झाला की तो धोक्याचा समजावा, हे गणित त्यांच्या अंगवळणी पडले. मात्र त्यांचे काम मोजण्यापाशी थांबले नाही. जंतुदोषाची लक्षणे ठराविक संख्येने जुळली, रुग्णालयात नेणे शक्य झाले नाही आणि मातापित्यांनी संमती दिली, तर अँटिबायोटिकचे इंजेक्शन देण्याचा अधिकारही त्यांना होता. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात या कामाचा अहवाल आला, तेव्हा नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे जगाने वाचले. सातवी-आठवी शिकलेल्या ग्रामीण स्त्रीच्या निर्णयशक्तीवर विश्वास टाकून हे साधते, तर तीन-चार वर्षांचे शिक्षण घेऊन परिचर्या परिषदेकडे रीतसर नोंदणी केलेल्या परिचारिकेला हा विश्वास का लाभू नये?

दुसरे उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे आहे, आणि त्याविषयी लिहिताना माझा हात अजूनही जड होतो. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्या रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर रुग्णालयाच्याच आवारात पाशवी अत्याचार झाला. गळा आवळला गेल्याने मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, आणि त्यानंतर १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे सुमारे बेचाळीस वर्षे, त्या अंथरुणाला खिळून होत्या. दयामरणाच्या अर्जावर ७ मार्च २०११ रोजी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने केईएमच्या परिचारिकांच्या सेवेची मनापासून प्रशंसा केली. त्या निकालाने कायद्यात काय बदलले याची चर्चा पुष्कळ झाली आहे, आणि ती मी येथे करणार नाही. मला त्यातली एकच गोष्ट दाखवावयाची आहे. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगाला शय्याव्रण झाला नाही.

परिचर्येत हयात घालविलेल्या माणसालाच या एका वाक्याचे वजन कळेल. पाठीवर निजलेल्या माणसाची माकडहाडाजवळची, टाचांवरची आणि खवाट्यांवरची कातडी हाड आणि गादी यांच्यामध्ये दाबली जाऊन काही तासांत मरू लागते. पुस्तकांत लिहिलेले असते की तेथे प्रथम लाली येते, आणि बोटाने दाबली असता ती जात नाही. परंतु ती पुस्तके गोऱ्या कातडीवरून लिहिलेली आहेत, आणि उन्हातान्हात राबलेल्या आमच्या माणसांच्या सावळ्या अंगावर ती लाली दिसतच नाही. तेथे तळहाताची मागची बाजू टेकवून उष्णता पाहावी लागते, आणि बोटांच्या टोकांनी आजूबाजूच्या मांसाशी ताडून कठीणपणा पाहावा लागतो. दर दोन तासांनी कूस पालटण्याचा नियम धरून हिशेब केला, तर बेचाळीस वर्षांत पावणेदोन लाखांहून अधिक वेळा ते काम करावे लागेल. त्या परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, निवृत्त झालेल्यांच्या जागी नव्या मुली आल्या, आणि ज्यांनी अरुणाताईंना कधी चालता-बोलताना पाहिले नव्हते त्यांनीही हे काम तितक्याच निगुतीने केले. यास लोक दया म्हणतात, सेवाभाव म्हणतात, आणि ते दोन्ही त्यात होते. परंतु कोणती कातडी केव्हा धोक्यात येते हे जाणणारे शास्त्र त्यात नसते, तर नुसत्या दयेने ती कातडी शाबूत राहिली नसती. परिचारिकेची थोरवी गाताना आपला समाज तिच्या अंतःकरणाचा उल्लेख करतो आणि तिच्या बुद्धीचा विसरतो, याचे मला वर्षानुवर्षे वाईट वाटत आले आहे.

या विस्मरणाला इतिहास आहे. बाई काशीबाई गणपत या पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून १८९१ साली मुंबईत शिक्षणास आल्या, अशी नोंद परिचर्येच्या इतिहासात आहे. पुढे पुण्यात रमाबाई रानडे यांनी सेवासदनाच्या द्वारे स्त्रियांना, विशेषतः विधवांना, या मार्गाकडे वळविले, तेव्हा परक्याचे मलमूत्र काढण्याचे काम भल्या घरच्या बायकांनी करावे काय, असा गहजब झाला होता. काम हलके मानले, म्हणून ते करणारीचे मतही हलके मानले गेले. परिचारिका आता पदव्या घेतात, स्पर्धा-परीक्षा देऊन नेमणुका मिळवितात. तिने ‘हा रुग्ण मला ठीक वाटत नाही’ असे म्हटले, तर त्या वाक्याची किंमत मात्र अद्याप समोरच्या माणसाच्या मर्जीवर ठरते.

नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, आणि त्यांत १२ नवजात बालके होती. आमच्या हिंगोली जिल्ह्याचे अत्यवस्थ रुग्णही त्याच रुग्णालयाकडे रवाना होतात, म्हणून ती बातमी आमच्या घराघरांत शिरली. दूरदूरहून अनेक रुग्ण गंभीर अवस्थेत, उशिरा आले होते, असे त्या वेळी सांगण्यात आले. मी त्या प्रकरणाचा निवाडा करीत नाही. परंतु ‘रुग्ण उशिरा आला’ हे वाक्य मी नोकरीत इतक्यांदा ऐकले आहे, की त्याच्या पोटातला प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. उशिरा येणारा रुग्ण त्याआधी बहुधा कोणत्या तरी उपकेंद्रात, कोणत्या तरी खाटेवर, कोणाच्या तरी नजरेखाली असतो. त्या नजरेला काय दिसले होते? तिने कोणाला सांगितले? आणि सांगितल्यावर काय झाले?

परदेशांत या प्रश्नांची सोय लावण्याचे प्रयत्न झाले आहेत. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या लिव्हरपूल रुग्णालयात १९९० च्या सुमारास तातडीचे वैद्यकीय पथक स्थापन झाले. या पथकाला बोलावण्याच्या निकषांत नाडी, श्वास, रक्तदाब यांच्या जोडीने रुग्णाबद्दल वाटणारी गंभीर चिंता हाही एक निकष ठेवण्यात आला, आणि परिचारिकेला कोणाची परवानगी न घेता ते पथक थेट बोलाविता येऊ लागले. ब्रिटनमध्ये २०१२ पासून श्वास, प्राणवायू, नाडी, रक्तदाब, ताप आणि शुद्ध यांना गुण देऊन बेरीज करण्याची राष्ट्रीय पद्धत आहे. तीत एकट्या श्वासाचा वेग २५ वा अधिक झाला तरी तीन गुण पडतात, आणि एका लक्षणाचे तीन गुण म्हणजे तातडीने तपासणी असा दंडक आहे. या पद्धतीला मोठे यंत्र लागत नाही, इमारत लागत नाही. एक तक्ता लागतो आणि त्या तक्त्यामागे उभा राहणारा हुकूम लागतो.

केंद्राने २०२३ साली परिचर्या व प्रसूतिसेवा यांच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याने शिक्षणाची आणि नोंदणीची व्यवस्था सुधारेल अशी आशा आहे, परंतु कक्षातल्या रात्रीचे नियम राज्याच्याच हाती आहेत. म्हणून माझी विनंती अशी, की हिंगोली आणि वाशिम येथील महाविद्यालयांना जोडलेल्या रुग्णालयांसाठी आपण, वैद्यकीय शिक्षण खात्याच्या मंत्र्यांशी विचारविनिमय करून, लेखी हुकूम काढावा: परिचारिकेने रुग्णाबद्दल चिंता नोंदविली, की ती नोंद हेच डॉक्टरांनी येऊन पाहण्यास पुरेसे कारण मानावे, हाक कितीला मारली आणि डॉक्टर कितीला आले, या दोन्ही वेळा केसपेपरवर लिहिल्या जाव्यात, आणि डॉक्टर ठराविक वेळेत आले नाहीत तर त्यांच्या वरिष्ठांना परस्पर कळविण्याचा तिला अधिकार असावा, व त्याबद्दल तिला कोणताही जाच होऊ नये. अध्यापन-रुग्णालयाच्या सामान्य कक्षात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असे प्रमाण भारतीय परिचर्या परिषदेने पूर्वीच ठरविले होते; ते एका रात्रीत गाठता येणार नाही हे मी जाणते, परंतु निदान रात्रपाळीतील नोंदवह्यांचे ओझे कारकुनांकडे वळवून श्वास मोजण्यापुरता वेळ तरी परिचारिकेला परत मिळावा. आणि उपकेंद्रातून वा प्राथमिक आरोग्य केंद्रातून रुग्ण वर पाठविला जातो, तेव्हा तेथील परिचारिकेने काय पाहिले याची चिठ्ठी रुग्णाबरोबर जावी, मोठ्या रुग्णालयात ती वाचली जावी, आणि रुग्णाचे पुढे काय झाले याचे उत्तर तिच्याकडे परत यावे. तिचा निवाडा बरोबर ठरला की चुकला, हे तिला आज कधीच कळत नाही, आणि न कळता कोणाचीही नजर तयार होत नाही.

कनेरगाव नाक्यावरून जाणाऱ्या रुग्णवाहिका आता दोन महाविद्यालयांकडे वळतील. या हुकुमाचा मसुदा या दोन्ही रुग्णालयांतील परिचारिकांना विचारून तयार व्हावा, आणि महाविद्यालयांची पहिली तुकडी डॉक्टर होऊन कक्षांत काम करू लागण्यापूर्वी तो अंमलात यावा, म्हणजे नव्या डॉक्टरांना आरंभापासूनच परिचारिकेच्या हाकेला ओ देण्याची सवय लागेल. यासाठी आपण तजवीज करावी, ही कळकळीची विनंती.

कळावे,
आपली नम्र,
एक सेवानिवृत्त परिचारिका
कनेरगाव नाका, जि. हिंगोली